तिघांपैकी एक

"घे ना, हातात तरी घे," लाल्ला बतूल म्हणाली.

निळ्या कागदातला साखरेचा मोठा शंकू दोघींच्या मध्ये चटईवर उभा होता. आमच्या तफ्सा गावात असा शंकू घेऊन कुणी दारात आलं की कारणं तीनच असतात: मयत, मागणी नाहीतर माफी. यामनाच्या घरात मयत झाल्याचं अजून कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. मागणी घालावी अशी मुलगी घरात उरली नव्हती. राहिली माफी, आणि बतूलचा चेहरा तर माफी मागायला आलेल्या बाईसारखा मुळीच दिसत नव्हता.

"ताकाला येऊन भांडं लपवू नका, लाल्ला," यामना म्हणाली. "बोला काय ते."

बतूलनं रुमाल नीट केला. मोठ्या घरच्या बाईला आमच्याकडे मानानं लाल्ला म्हणतात. बाजारातलं मोबाइलचं दुकान तिच्या मुलाचं, दुकानावरचे दोन मजले नवऱ्याचे. दुसऱ्याच्या चटईवर बसायची तिला सवय नव्हती.

"गुरुवारी फिरदौसचं हम्माम आहे, लग्नाआधीचं न्हाणं. आमच्या होणाऱ्या सुनेचं. दुपारपासून अख्खं हम्माम आम्हीच घेतलंय. माझ्या मनात आहे की तिला तू घासावंस. आणि शेवटचं पाणीही तुझ्याच हातचं व्हावं."

"घासणाऱ्या आणखी चौघी आहेत तिथं."

"तुझा हात चांगला आहे."

"लाल्ला."

बतूलनं शंकूवरचा निळा कागद बोटानं सपाट केला. मग म्हणाली, "लोकांची तोंडं बंद होतील म्हणून. झालं समाधान?"

आमच्याकडे जुनी रीत आहे. दोन घरांत रक्ताचं किंवा अब्रूचं काही बिनसलेलं असलं आणि दुखावलेल्या घरच्या बाईनं समोरच्या घरच्या बाईच्या डोक्यावर सात वाडगे पाणी घातलं, की ते भांडण त्या पाण्याबरोबर मोरीत गेलं. पुढं त्यावर कुणी बोलायचं नाही, दुखावलेल्यांनीसुद्धा नाही. काझीचा निकाल फिरवता येतो, हे पाणी फिरवता येत नाही.

आणि बतूलचा मुलगा युनेस म्हणजे सिहामचा ठरलेला नवरा होता.

सिहाम यामनाची मुलगी. हम्मामात दुसऱ्यांच्या पाठी घासून यामनानं तिला एकटीनं वाढवली. पोरगी धावायची. देवदारांच्या रानातून चढ चढत जायची आणि उतारावरून परत यायची तेव्हा घाम तेवढा आलेला असायचा, दम लागलेला नसायचा. राबातच्या राष्ट्रीय केंद्रात तिची निवड झाली होती. एप्रिलमधल्या एका सकाळी ती नेहमीसारखी रानाकडे धावत गेली आणि परत आली नाही. सहा वर्षं झाली. मिळाली ती फक्त तिची पिवळी टोपी.

"बास्सू तर मेला ना हिवाळ्यात," बतूल म्हणाली. "ज्यानं केलं त्याला देवानं नेलं. आता माझ्या पोराला का लोंबकळत ठेवायचं? तीन घरांतून नकार आला त्याला. कुणी तोंडावर बोललं नाही, पण मला काय कळत नाही? मीपण आईच आहे, यामना."

"तुमचा मुलगा घरी जेवतो का?"

"म्हणजे?"

"रोज घरी जेवायला येतो ना? मग आई-आई करू नका माझ्यासमोर. विचार करून सांगते."

शंकू चटईवरच राहिला. बतूल गेल्यावर यामनानं तो पायानं भिंतीकडे सरकवला, हात लावला नाही.

तिघे होते. इतकी वर्षं यामना त्या तिघांना मनात उलटंपालटं करून बघत आली होती.

पहिला कोच जलाल. सिहामला शाळेच्या मैदानावरून त्यानंच उचलली, पहिले बूट त्यानंच दिले. पण राबातवाल्यांनी तिला घेतली आणि त्याला वगळलं, तेव्हा चार पोरींसमोर तो म्हणाला होता, "माझ्याशिवाय कशी जातेस ते बघतो." ती नाहीशी झाली त्या दिवशी क्लबला सुट्टी होती. तरी सूर्य बुडताना, यामनानं अजून कुणाला काही सांगितलंही नव्हतं तेव्हा, हा दारात हजर. "आली का सिहाम?" ती गेली होती हे ह्याला कसं कळलं? आता त्याचं घर रानाच्या रस्त्यालाच आहे. जाताना दिसली असेल, येताना दिसली नसेल. असंही असू शकतं. यामना तेही धरून चालायची. जलालची बायको दर आठवड्याला हम्मामात येते. तिला घासताना यामनाचा हात जरा रेंगाळायचा, जणू बाईच्या अंगातून नवऱ्याचं काही हाती लागेल. पण पाठीवर काही लिहिलेलं नसतं.

दुसरा युनेस. सिहामचा चड्डीतला फोटो वर्तमानपत्रात आला म्हणून दोनच दिवस आधी त्यानं भर बाजारात तिचा दंड धरला होता. लग्नानंतर धावणं बंद, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली होती, मग लग्नच बंद. त्या सकाळी दुकानाचं शटर खाली होतं. माल आणायला मेकनेसला गेलो होतो, म्हणाला. गेलाही असेल. मेकनेसला जाऊन कुणी विचारलंच नाही.

का नाही विचारलं? कारण तिसरा होता ना, बास्सू मेंढपाळ! टोपी त्याला सापडली. दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन स्वतःच्या पायांनी ठाण्यात गेला. चोर कधी चोरीचा माल घेऊन ठाण्यात जातो का? पण आदल्या रात्री ज्या साहेबानं यामनाला हसत सांगितलं होतं, "धावणारी पोरगी पळाली, त्यात नवल काय, आई?" त्याच साहेबाला आता घाई झाली होती. कुणीतरी पाहिजे होतं आणि एक जण आपणहून दारात उभा होता. एकटा फिरणारा, कमी बोलणारा, अंगाला मेंढरांचा वास येणारा. सकाळी कुठं होतास म्हणून विचारलं तर रानात, एवढंच म्हणायचा. कुणाबरोबर? तर गप्प. त्याला मारलं. नऊ महिने आत ठेवलं. प्रेत नाही, पुरावा नाही, म्हणून शेवटी सोडला, पण गावानं सोडला नाही. त्याला मेंढरं कुणी चारायला देईना, त्याच्या हातचं चीज कुणी घेईना.

गावाला तो बरा होता. यामनालाही बरा होता, खरं सांगायचं तर. कुणीच नसण्यापेक्षा बास्सू असलेला बरा. त्याची म्हातारी आई, इत्तो, हम्मामात यायची तेव्हा यामना हात बांधून उभी राहायची, आणि यामनानं हात लावला नाही म्हणून बाकीच्या चौघीही लावायच्या नाहीत.

"घाल की पाणी," हम्मामच्या दारात पैसे घ्यायला बसणारी तामो दुसऱ्या दिवशी म्हणाली. तामोला गावातलं सगळं माहीत असायचं, काही गोष्टी तर घडायच्या आधीच. "तुझं काय जातंय? बास्सू तर मातीत गेला. त्या पोरीचा संसार सुखात सुरू होऊ दे. लाल्लाशी वाकडं घेऊन तुला ह्या गावात राहायचंय का?"

"तुला किती देणार आहे ती?"

"मला? मला नवीन ओढणी," तामो म्हणाली. लाज हा प्रकार तिला कधी जमलाच नाही. "आणि तुला मनाची शांती. तुझा सौदा जास्त फायद्याचा आहे, बाई."

यामनाला हसू आलं नाही. पण रात्रभर कूस बदलून तिनं ठरवलं की घालावं. तिला दमायला झालं होतं. तिघांना रोज तोलायचं, रोज पारडं तसंच. एकाला देवानं उचललं, तर तोच होता असं म्हणून झोपावं. तिनं हो कळवलं.

गुरुवारी सकाळी ती गरम खोलीतली फरशी धूत होती. मागच्या भट्टीच्या दारातून रकुश आत आली. रकुश लाकूडवाली. रानातून लाकूड आणून हम्मामच्या भट्टीला देणाऱ्या पाच-सहा जणी आहेत, त्यांतली थोरली. तिच्या डोक्याला अजून झाडाची साल चिकटलेली होती.

"आज तू त्या पोरीला पाणी घालणार, खरं का?"

"तुला काय करायचंय?"

"घालू नकोस," रकुश म्हणाली आणि ओल्या फरशीवर बसली. "निदान बास्सूच्या नावावर घालू नकोस. बास्सू आमच्याबरोबर होता."

यामनाच्या हातातला झाडू थांबला.

"कधी?"

"त्या सकाळी. पहाटेपासून दुपारपर्यंत. पलीकडच्या खोऱ्यात आम्ही देवदार पाडला होता, उभा, हिरवा. आम्हा बायकांनी तो फुटेना. बास्सूनं कुऱ्हाड चालवली, गाढवांवर लादून दिला. तुझी सिहाम ह्या अंगाच्या रस्त्यानं धावायची. तो तिथं नव्हताच गं. दुपारी परत जाताना त्याला ती टोपी दिसली."

"तुम्ही किती जणी होतात?"

"पाच."

"पाच जणी." यामना सावकाश म्हणाली. "पाच जणींना माहीत होतं. आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"हिरवा देवदार पाडला म्हणजे तुरुंग असतो, यामना. जंगलखात्याचा गार्ड टपलेलाच होता. माझी चार लहान होती. आम्हाला वाटलं दोन दिवसांत सोडतील. मग आठवडा झाला. मग... इतके दिवस का बोलला नाहीत म्हणून विचारलं असतं, तर काय सांगायचं होतं? तोही काही बोलला नाही. आम्ही म्हटलं, तो नाव घेत नाही, तोवर आपण कशाला."

"तो नाव घेत नव्हता! मार खात होता आणि तुमची नावं घेत नव्हता!" यामनाचा आवाज घुमटाला आपटून परत आला. "आणि मी त्याच्यावर थुंकले, रकुश. बाजारात. सगळ्यांसमोर. त्याला धरून बसले म्हणून बाकी दोघांना कुणी एक प्रश्न विचारला नाही. एक प्रश्न! मेकनेसचा दुकानदार तेव्हा सांगू शकला असता. आता त्याला कशाला आठवेल? माझी पोरगी कुठंतरी जिवंत असेल त्या दिवसांत, एखाद्या खोलीत, एखाद्या विहिरीत, आणि ते बास्सूच्या तळव्यांवर काठ्या मारत बसले होते!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते असं होतं. त्यात चोराचं फावतं, आणि संन्याशाला ओळखणारे पाच जण आपापलं लाकूड विकत राहतात.

"ते लाकूड कुठं गेलं?" यामनानं विचारलं.

रकुशनं भिंतीकडे मान वळवली. भिंतीपलीकडे भट्टी होती.

"इथंच. दुसरीकडं कुठं जातं? पंधरा दिवस पुरलं."

त्या पंधरा दिवसांत अख्ख्या गावानं त्या पाण्यानं आंघोळ केली होती. यामनानंही केली होती. ठाण्यात जाण्याआधी अंग स्वच्छ असावं म्हणून केली होती.

"तू मला शिव्या दे," रकुश रडत म्हणाली. "मार हवं तर."

"तुला मारून माझ्या हाताला काय मिळणार? ऊठ. आज दुपारी इथं यायचंस. बाकी चौघी आल्या नाहीत तरी तू यायचंस."

झाडू टाकून ती तशीच ओल्या कपड्यांनी बाहेर पडली. गावाच्या वरच्या टोकाला इत्तोचं घर आहे, दगडाचं, छपरावर पत्रा. म्हातारी दारात बकरीच्या पायातला काटा काढत होती. यामनाला बघून तिनं बकरी सोडली नाही.

"इत्तो मावशी, मला आज कळलं."

"काय कळलं?"

"बास्सू त्या लाकूडवाल्यांबरोबर होता."

"हे होय," इत्तो म्हणाली. "मला वाटलं, तुझी मुलगी सापडली."

यामना दोन पावलं पुढं आली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सुटून आल्यावर सांगितलं त्यानं मला. आणि शपथ घातली. म्हणाला, त्यांना लेकरं आहेत, आई, त्या येतील आपणहून. आज येतील, उद्या येतील. हिवाळ्यात खोकत पडला होता तेव्हासुद्धा कुणी दार वाजवलं की मान उचलायचा." तिनं काटा काढून फेकला. "वारा असायचा."

"मी त्याच्यावर..."

"थुंकलीस. मला माहीत आहे. त्याचा सदरा मीच धुतला."

"मावशी, आज हम्मामात या."

"आज बतूलच्या सुनेचा दिवस आहे. मला कोण आत घेणार?"

"मी घेते."

"का? तुला हलकं वाटावं म्हणून?" इत्तो उभी राहिली. ती यामनाच्या खांद्याएवढीही नव्हती. "सहा वर्षं तुझी पोरगी नाही म्हणून मी तुला काही बोलले नाही. मनात म्हणायचे, जळतंय तिचं, बोलू दे. पण माझंही एकच होतं ना गं? तुझ्याकडं अजून आशा तरी आहे. मी माझ्या हातानं पुरला. जा. तुझी दया तुझ्याजवळ ठेव."

तिनं बकरीला आत ओढून दार लावलं.

दुपारी हम्मामात मेणबत्त्या लागल्या. बतूलनं काही कमी केलं नव्हतं. संत्री, बदामाच्या वड्या, नारिंगाच्या फुलांचं पाणी, गाणाऱ्या दोघी. तामो नवीन ओढणी पांघरून दारात बसली होती. फिरदौसला गाणी म्हणत आत आणली तेव्हा बायकांनी जिभा वळवून आनंदाचे चीत्कार केले आणि ते तिन्ही खोल्यांत घुमत राहिले. पोरगी एकोणीस-वीसची, बारीक, डोळे मेंदीच्या हातांवर खिळलेले.

यामनानं तिला काळा साबण लावला, थोडा मुरू दिला आणि खरखरीत हातमोजा चढवून घासायला घेतली. काम ती नेहमीसारखंच करत होती. त्या पोरीनं तिचं काहीही बिघडवलेलं नव्हतं.

गाण्याचा आवाज वाढला तसं फिरदौस मान न वळवता हळूच म्हणाली, "मावशी, त्यांनी केलं असेल का?"

यामनाचा हात थांबला नाही.

"मला माहीत नाही, बाळ."

"नाही म्हणा ना. तुम्ही नाही म्हणालात की मी सगळ्यांना सांगेन."

"नाही म्हणता आलं असतं तर मी सहा वर्षं झोपले असते. हो म्हणता आलं असतं तरी झोपले असते."

"ते म्हणतात, मेकनेसला गेले होते त्या दिवशी."

"हो. तसं म्हणतो तो."

"तिथं कुणी विचारलं का?"

"कुणी नाही."

फिरदौसनं मेंदीची बोटं मुठीत मिटली. मग म्हणाली, "मी आता विचारलं, तर घरात राग येईल."

"राग आला तर कोणता येतो तेवढं बघून ठेव," यामना म्हणाली. "निर्दोष माणसालाही राग येतो. मी त्यावरून काही ठरवत नाही. पण विचार. दुसऱ्या कुणी विचारेल म्हणून बसू नकोस. आम्ही बसलो."

तिनं फिरदौसच्या अंगावरून साधं पाणी घालून मळ काढला. बतूल पुढं आली. तिच्या हातात चांदीचा मुलामा दिलेला वाडगा होता. गाणाऱ्या थांबल्या, कारण सात वाडग्यांच्या वेळी गाणं नसतं, बायका मोठ्यानं मोजतात.

"घे," बतूल म्हणाली.

यामनानं वाडगा घेतला. पाणी घेतलं नाही.

"ह्या पोरीला मी घासलं," ती म्हणाली. "ती स्वच्छ आहे. सुखी राहो. पण सात वाडगे मी घालणार नाही."

"यामना! तू शब्द दिला होतास."

"दिला होता, कारण मला सांगितलं होतं की बास्सूनं केलं. बास्सूनं केलं नाही. तो पलीकडच्या खोऱ्यात देवदार फोडत होता. विचारा रकुशला."

रकुश मधल्या खोलीच्या दारात उभी होती. लाकूडवाल्यांपैकी ती एकटीच आली होती. तिनं सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "खरं आहे. मी होते तिथं. सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही."

पाणी ठिबकत होतं. कोच जलालची बायको कोपऱ्यात बसली होती. तिनं टॉवेल खांद्यांवर ओढून घेतला. थंडी वाजली असेल, किंवा नसेलही.

"मग तुझं म्हणणं काय, माझ्या मुलानं केलं?" बतूल किंचाळली. "माझ्या सुनेच्या हम्मामात, माझ्या पैशानं..."

"मी तसं म्हटलं नाही. म्हणणारही नाही. एकदा म्हटलं होतं एकाला, तेवढं पुरे झालं. मला माहीत नाही, लाल्ला! मला माहीत नाही हेच मी म्हणतेय! तुम्हाला ते पाण्यानं धुऊन हवंय. तुमचा शंकू उद्या सकाळी घरी पोचेल."

बाहेर आरडाओरडा ऐकू आला. तामोचा आवाज: "अगं, आज नाही, आज लग्नाचं आहे, कळत नाही का? ए म्हातारे!"

इत्तो आत आली. तामोची नवीन ओढणी तिच्या हातात होती, तामो अडवायला गेली तेव्हा सुटून आली असावी. ओढणी तिनं खुंटीला टांगली. मग कपडे काढून त्यांची नीट घडी केली, स्वतःची बादली घेतली आणि वाफेतून चालत सरळ गरम खोलीच्या मध्यावर आली, जिथं गरीब बाई कधी बसत नाही. बायका आपापल्या बादल्या ओढून बाजूला झाल्या.

यामना खाली बसली. गुडघे मुडपून, मान वाकवून, फिरदौसच्या शेजारी. वाडगा तिनं दोन्ही हातांनी वर धरला. ज्या घराचं दुखावलं ते घर पाणी घालतं. आता दुखावलेलं घर इत्तोचं होतं.

इत्तोनं वाडगा घेतला. भरला. यामनाच्या डोक्यावर धरला. कुठल्यातरी बाईनं सवयीनं "एक" म्हटलं आणि जीभ चावली.

बराच वेळ काही झालं नाही. मग इत्तोनं ते पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं.

"नाही," ती म्हणाली. "आज नाही. पुढं कधी होईल ते मला माहीत नाही."

यामनानं मान वर केली. तिला वाटलं होतं, आपण रडू. पण तसं काही झालं नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी खरं बोललं होतं.

"बरं," ती म्हणाली.

"हातमोजा आहे का?"

"आहे."

"मग बसलीस काय? पाठ घास."

इत्तो फरशीवर बसली आणि तिनं पाठ वळवली. हाडं मोजता येतील अशी पाठ. यामनानं साबण घेतला. मागं बतूल फिरदौसचा हात धरून ओढत होती, "चल, ऊठ, ऊठ म्हणते ना," आणि फिरदौस उठत नव्हती, ती ओल्या अंगानं तिथंच बसून बघत होती. यामना घासू लागली. मळाच्या काळ्या वळकट्या निघून फरशीवर पडत राहिल्या.

"जोरात," इत्तो म्हणाली. "मी काचेची नाही."

यामनानं जोर लावला.

"डावीकडं. खांद्याच्या खाली. तिथं माझा हात पोचत नाही."

यामनानं हात डावीकडं नेला.